स्क्रीनवर खुललेला फोटो कागदावर काळपट का पडतो?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. लॅपटॉपवर मन लावून तयार केलेला फोटो तिथे छान दिसतो. तोच मोबाईलवर भडक दिसतो. लॅबमधून छापून आणला की काळपट पडतो आणि संध्याकाळचं गर्द निळं आकाश जांभळं होतं. कॅमेरा तुम्ही अ‍ॅडोबी आरजीबी या रंगांच्या सेटिंगवर ठेवला आहे, आणि आता महागडा मॉनिटर घ्यावा का, असं विचारलं आहे.

फोटो तयार करणं आणि छापणं ही दोन्ही कामं मी अठरा वर्षं करते आहे. तुमच्या प्रश्नात खरं तर तीन वेगळ्या तक्रारी आहेत आणि प्रत्येकीचं कारण वेगळं आहे. काळपटपणा हा उजेडाचा प्रश्न आहे. मोबाईलवरचा भडकपणा फाइलमधल्या आकड्यांचा अर्थ कोण कसा लावतो, यातून येतो. आकाश जांभळं होणं ही शाई आणि कागदाची मर्यादा आहे. तिन्हींना एकच नाव दिलं, ‘रंग जुळत नाहीत’, की माणूस फोटोलाच पुन्हा पुन्हा हात लावत बसतो. दोष बहुतेक वेळा फोटोत नसतो.

एक गोष्ट आधीच मान्य करते. स्क्रीन आणि कागद तंतोतंत जुळत नाहीत, कोणतंही उपकरण घेतलं तरी. स्क्रीन स्वतः उजेड टाकते, कागद त्याच्यावर पडलेला उजेड परत करतो. चांगल्या मॉनिटरवर पांढरा आणि काळा यांच्यात हजारास एक असा फरक सहज मिळतो. मॅट कागदावर काळ्याची घनता (काळा किती गडद आहे ते सांगणारा आकडा) १.६ च्या आसपास असते, म्हणजे तोच फरक साधारण चाळीसास एक. चकचकीत कागदावर तो दोनशेच्या घरात जाऊ शकतो, त्याहून फार पुढे नाही. एवढं अंतर कोणतीही सेटिंग भरून काढत नाही. आपल्या हातात आहे ते असं, की फरक कुठे आणि किती पडणार हे छापण्याआधी कळावं. प्रिंट हातात आल्यावर आश्चर्य वाटलं नाही, तर काम साधलं असं मी समजते.

आता काळपटपणा. माझ्याकडे येणाऱ्या दहा तक्रारींपैकी सात-आठ याच असतात आणि त्यांचं उत्तर जवळपास नेहमी एकच निघतं: स्क्रीन फार उजळ ठेवलेली असते. जरा हिशेब करू. पांढरा कागद त्याच्यावर पडलेल्या उजेडाचा साधारण नव्वद टक्के भाग परत फेकतो. खोलीत कागदावर ५०० लक्स (पडणारा उजेड मोजायचं एकक) उजेड असेल, तर त्या कागदाची उजळता सुमारे १४० कॅन्डेला प्रति चौरस मीटर होते. याच एककाला पडद्यांच्या बाबतीत निट म्हणतात. ३०० लक्सला ती ८५ च्या जवळ येते. संध्याकाळी घरात एखादा दिवा लावलेला असताना १०० लक्स मिळाले तरी पुष्कळ, आणि तेव्हा तोच कागद तीसेक निटवर असतो. तुमचा लॅपटॉप पूर्ण ब्राइटनेसवर ३०० निट देत असेल. म्हणजे स्क्रीनचा पांढरा कागदाच्या पांढऱ्यापेक्षा दहापट उजळ. डोळा स्क्रीनला सरावतो, त्या उजेडात सावल्यांमधलं सगळं स्पष्ट दिसतं, आणि तुम्ही फोटोची एकूण पातळी खाली ओढून ठेवता. कागदावर तेवढा उजेड नसतो, म्हणून सावल्या बुजतात.

सुरुवातीच्या वर्षांत मी इथे मोठी चूक केली होती. छत्तीस व्यक्तिचित्रांचा संच काळपट छापून आला, तेव्हा मी छत्तीसही फाइली अंदाजानं उजळ केल्या. त्या वेळी बऱ्या वाटल्या. वर्षभरानं दुसऱ्या कागदावर, दुसऱ्या लॅबमध्ये त्याच फाइली दिल्या, तर चेहरे फिके पडले आणि कपाळावरचा तपशील उडाला. मूळ फाइली बरोबर होत्या. चुकीचा होता तो माझ्या स्क्रीनचा ब्राइटनेस, आणि त्याची चूक मी चित्रांच्या माथी मारली होती. तेव्हापासून एक नियम पाळते: ज्या साधनावर विश्वास ठेवता येत नाही, त्याच्याकडे बघून फोटो दुरुस्त करायचा नाही.

तुम्ही आजच करून बघा. रोज ज्या उजेडात काम करता त्याच उजेडात बसा. स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा आणि स्क्रीनच्या शेजारी, तिच्यापासून थोडा दूर, एक कोरा पांढरा कागद धरा. दोन्ही पांढरे सारख्याच उजळतेचे वाटेपर्यंत ब्राइटनेस खाली आणा. सुरुवातीला स्क्रीन मरगळलेली वाटेल. दहा-पंधरा मिनिटं तशीच राहू द्या, डोळा सरावतो. आपोआप कमी-जास्त होणारा ब्राइटनेस, रात्रीचा पिवळसर मोड, खोलीच्या दिव्यानुसार पांढरा बदलणारा मोड, हे सगळं काम करताना बंद ठेवा. मग जुना काळपट प्रिंट शेजारी धरून तीच फाइल पुन्हा उघडा. अर्ध्याहून अधिक फरक इथेच नाहीसा झालेला दिसेल, असा माझा अनुभव आहे.

किती ब्राइटनेस योग्य, याला एकच आकडा नाही, तो खोलीवर अवलंबून असतो. छपाईचं काम करणारे बहुतेक जण ८० ते १२० निटच्या दरम्यान ठेवतात. माझा मॉनिटर १०० वर असतो, कारण माझ्या खोलीतला उजेड दिवसभर सारखा राहावा म्हणून मी खिडकीला जाड पडदा लावला आहे. तुमच्या खोलीत दुपारी ऊन येत असेल, तर आधी ते आवरा. दर तासाला बदलणाऱ्या उजेडात रंगाचा निर्णय घेणं अवघड आहे.

दुसरी तक्रार, मोबाईलवरचा भडकपणा. फोटोच्या फाइलमध्ये रंग नसतात, आकडे असतात. लाल २००, हिरवा ८०, निळा ६० असं लिहिलेलं असतं, पण कुठला लाल? किती गडद हिरवा? हे सांगणारी छोटी चिठ्ठी म्हणजे प्रोफाइल. या चिठ्ठीचा सर्वांना चालेल असा नमुना ठरवायला इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम ही संस्था १९९३ मध्ये स्थापन झाली. तिच्या नावाच्या आद्याक्षरांवरून आपण आयसीसी प्रोफाइल म्हणतो. एसआरजीबी हे रंगावकाश, म्हणजे कोणत्या आकड्याचा कोणता रंग हे ठरवणारी चौकट, एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये मांडलं आणि १९९९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झालं. तेव्हाच्या काचेच्या नळीच्या मॉनिटरवर जेवढे रंग दिसत, त्यांना धरून ते बेतलेलं आहे. आजच्या बऱ्याच मोबाईलचे पडदे त्याहून गडद रंग दाखवू शकतात. अशा पडद्यावर एखाद्या अ‍ॅपनं चिठ्ठी न वाचता आकडे थेट पडद्याकडे पाठवले, की तुमचा साधा लाल त्या पडद्याचा सर्वांत गडद लाल होतो. शिवाय मोबाईलमध्ये ‘व्हिव्हिड’सारखा मोड चालू असेल, तर तो मुद्दाम रंग चढवतो. तो बंद करून नैसर्गिक रंगांचा मोड लावा आणि मग बघा.

उलटही घडतं. अ‍ॅडोबी आरजीबीतली फाइल चिठ्ठीशिवाय कुठे चढवली, तर समोरचं सॉफ्टवेअर तिला एसआरजीबी समजतं आणि फोटो निस्तेज दिसतो, त्वचा राखाडी पडते. म्हणून स्क्रीनसाठी देताना मी नेहमी एसआरजीबीत रूपांतर करते आणि प्रोफाइल फाइलमध्येच जोडते. इथे दोन आज्ञा सारख्या वाटतात आणि अनेकांचा घोटाळा होतो. ‘कन्व्हर्ट’ म्हणजे रंग तोच ठेवून आकडे बदलणं. ‘असाइन’ म्हणजे आकडे तेच ठेवून त्यांचा अर्थ बदलणं. वाक्याचं भाषांतर करणं वेगळं आणि मराठी वाक्यावर कानडीचा शिक्का मारणं वेगळं. फाइल बाहेर देताना आपल्याला कन्व्हर्ट हवं असतं. असाइन फक्त तेव्हा, जेव्हा चिठ्ठी हरवलेली फाइल समोर येते आणि ती मुळात कुठली हे आपल्याला ठाऊक असतं.

मग कॅमेऱ्यातलं अ‍ॅडोबी आरजीबी? तुम्ही रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, काढत असाल, तर त्या सेटिंगनं रॉ फाइलमधली माहिती बदलत नाही. ती जेपेगला लागू होते, आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसणाऱ्या हिस्टोग्रामवर (उजेड-सावलीच्या आलेखावर) तिचा थोडा परिणाम होतो. रंगावकाश तुम्ही नंतर, रॉ उघडताना ठरवता. फक्त जेपेग काढत असाल, तर माझं मत स्पष्ट आहे: एसआरजीबी ठेवा. अ‍ॅडोबी आरजीबी १९९८ चं आहे आणि नावावरून वाटतं तसं ते सगळ्याच बाजूंनी मोठं नाही. त्याचे लाल आणि निळा हे मूळ बिंदू एसआरजीबीचेच आहेत, फक्त हिरव्याचा बिंदू पुढे सरकलेला आहे. म्हणून त्याचा खरा फायदा हिरवा, निळसर हिरवा, समुद्राच्या पाण्याची छटा अशा ठिकाणी होतो. चेहरे, कपडे, घराचा आतला भाग यांत तो जवळजवळ दिसत नाही, आणि चिठ्ठी कुठे हरवली तर होणारं नुकसान मात्र लगेच दिसतं.

मूळ संपादनासाठी मोठं रंगावकाश वापरायला माझी हरकत नाही. मी स्वतः प्रोफोटो आरजीबी या खूप मोठ्या रंगावकाशात काम करते, पण १६ बिटमध्ये. ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या असतात. तेवढ्याच पायऱ्या खूप मोठ्या जिन्यावर पसरल्या की दोन पायऱ्यांतलं अंतर वाढतं आणि आकाशासारख्या सपाट भागात पट्टे उमटतात. मूळ फाइल १६ बिटमध्ये जपून ठेवायची आणि बाहेर जाणारी प्रत प्रत्येक वेळी तिच्यातून काढायची.

इथपर्यंतचं दोन वाक्यांत: काळपटपणासाठी स्क्रीनचा उजेड कागदाशी जुळवा. भडक किंवा फिक्या रंगांसाठी एसआरजीबीत कन्व्हर्ट करून प्रोफाइल जोडा. या दोन्हींना पैसे लागत नाहीत, म्हणून मॉनिटरचा विचार मी इतका पुढे ढकलला.

आता तो विचार. तुमच्याकडे खर्चायला ठरावीक रक्कम असेल, तर आधी मॉनिटर घेऊ नका, रंग मोजणारं यंत्र घ्या. त्याला कलरिमीटर म्हणतात. ते पडद्यावर टेकवायचं, सॉफ्टवेअर एकेक रंग दाखवतं, यंत्र तो मोजतं. त्यात दोन कामं होतात आणि लोक त्यांना एकच समजतात. पहिलं कॅलिब्रेशन: पडदा ठरलेल्या स्थितीत आणणं. पांढरा डी६५ (दिवसाच्या उजेडासारखा पांढरा), गॅमा २.२ (मधल्या छटा किती उजळ हे ठरवणारा आकडा), उजळता १०० निट हे माझे आकडे. दुसरं प्रोफाइल करणं: त्या स्थितीत पडदा प्रत्यक्ष कोणते रंग देतो याची नोंद करणं. संपादनाचं सॉफ्टवेअर ती नोंद वाचून रंग दुरुस्त करून दाखवतं. मोजण्याआधी पडदा अर्धा तास चालू ठेवा आणि महिन्यातून एकदा पुन्हा मोजा, कारण पडदे वयानुसार सरकतात. शेवटी यंत्र डेल्टा ई नावाचा आकडा देतं, म्हणजे अपेक्षित आणि मिळालेल्या रंगातलं अंतर. एकच्या आसपासचा फरक डोळ्याला जेमतेम कळतो. सरासरी दोनच्या आत असेल तर मी निर्धास्त काम करते. न मोजलेल्या महागड्या मॉनिटरपेक्षा मोजलेला साधा आयपीएस मॉनिटर (बाजूनं पाहिलं तरी ज्याचे रंग फारसे बदलत नाहीत असा) मला कधीही चालेल. मात्र लॅपटॉपचा पडदा किंचित मान हलवली तरी रंग बदलत असेल, तर त्यावर मोजून उपयोग नाही. तेव्हा नवा घ्यावाच लागतो.

तिसरी तक्रार, जांभळं आकाश, मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण इथे उजेड आणि चिठ्ठी दोन्ही बरोबर असूनही रंग सरकतो. पडद्यावरचा निळा थेट निळ्या उजेडाचा असतो. कागदावर बहुतेक छपाईत निळा असा वेगळा नसतो, तो सायन (हिरवट निळी) आणि मॅजेन्टा (गडद गुलाबी) या शाया एकावर एक चढवून करावा लागतो. मॅजेन्टा जरा वरचढ झाला की जांभळा. पडद्यावरचा सर्वांत गर्द निळा तर कागदाच्या कुवतीबाहेरच असतो, तो कुठेतरी आत ओढून आणावाच लागतो. हे ओढणं ज्या गणितानं होतं, त्याचा पाया बऱ्याचदा १९७६ साली ठरलेली सीआयईलॅब ही रंग आकड्यांत मांडायची पद्धत असते, आणि निळ्याच्या भागात ती डोळ्याशी पूर्ण जुळत नाही. गणिताच्या मते रंगाची जात तीच राहिली, फक्त गडदपणा कमी झाला. डोळ्याला मात्र तो जांभळ्याकडे झुकलेला दिसतो.

यावर उपाय सॉफ्ट प्रूफ. लॅबकडून तुमच्या कागदाचं आयसीसी प्रोफाइल मागून घ्या. बऱ्याच लॅब ते देतात. संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रूफ चालू करून ते निवडलं, की फोटो त्या कागदावर साधारण कसा येईल हे पडद्यावर दिसतं. सोबत कागदाच्या पांढऱ्याची नक्कल करणारा पर्याय असतो. तो चालू करताच फोटोचा जीव गेल्यासारखा वाटतो आणि अनेक जण घाबरून तो बंद करतात. तसं करू नका. बटण दाबताना नजर दुसरीकडे वळवा, पडद्यावरच्या पांढऱ्या पट्ट्या आणि मेनू लपवा, काही क्षणांनी बघा. डोळ्यासमोर उजळ पांढरा उरला नाही, की तो कागदाच्या पांढऱ्यालाच पांढरं मानतो. मग खरा प्रश्न समोर येतो: या मर्यादेत माझं आकाश कसं असावं?

रंग आत ओढण्याच्या पद्धतीही तिथेच निवडता येतात. ‘रिलेटिव्ह कलरिमेट्रिक’ कागदाच्या कुवतीतले रंग जसेच्या तसे ठेवते आणि बाहेरचे कडेला आणून बसवते. ‘पर्सेप्च्युअल’ सगळेच रंग थोडेथोडे आवळून एकमेकांतलं नातं जपते. पण तिचं कोष्टक प्रोफाइल बनवतानाच ठरलेलं असतं, त्याला तुमचा फोटो ठाऊक नसतो. म्हणून ज्या फोटोत कुवतीबाहेरचा एकही रंग नाही, तोही ती आवळते. माझी सुरुवात नेहमी पहिल्या पद्धतीनं, काळ्याची भरपाई (फोटोतला काळा कागदाच्या काळ्याशी जुळवणारा पर्याय) चालू ठेवून. गर्द फुलाच्या पाकळ्यांवरचा तपशील सपाट झालेला दिसला, तरच दुसरी लावून बघते.

तुमच्या आकाशासाठी असं करा. मूळ फाइलची प्रत घ्या, प्रूफ चालू ठेवा. फक्त निळ्या रंगाची छटा सायनकडे थोडी सरकवा, त्याची संपृक्तता (रंगाचा गडदपणा) कमी करा, उजळता किंचित वाढवा. सरकवताना आकाशाच्या उतरत्या छटेवर लक्ष ठेवा, कारण तिथे पट्टे लवकर उमटतात. प्रूफमध्ये आकाश निळं दिसू लागलं, की ती प्रत त्या कागदाच्या नावानं जतन करा. दुसऱ्या कागदाला ती चालणार नाही.

लॅबला दोन प्रश्न विचारायला विसरू नका: फाइल कोणत्या रंगावकाशात हवी, आणि यंत्रावरची आपोआप दुरुस्ती बंद करता येईल का? ती चालू असेल, तर तुमचा संध्याकाळचा फोटो ती दुपारचा करायला निघते. काही सांगितलं नाही तर एसआरजीबी द्या. ऑफसेट छपाई असेल, तर स्वतःच्या अंदाजानं सीएमवायके (छपाईच्या चार शायांचं रंगावकाश) करू नका. छापखाना कोणतं प्रोफाइल वापरतो ते आधी विचारा.

पुढेमागे घरी प्रिंटर घेतलात, तर एवढंच लक्षात ठेवा: रंग सांभाळायचं काम एकाकडेच द्यायचं, सॉफ्टवेअरकडे किंवा प्रिंटरकडे. दोघांकडे दिलं की दुरुस्ती दोनदा होते आणि अख्ख्या प्रिंटवर एखादी विचित्र झाक चढते. कागदाचा प्रकारही प्रोफाइलला जुळणाराच निवडा, कारण शाई किती पडायची ते त्यावर ठरतं. आणि रंगावर शंका घेण्याआधी प्रिंटरची शाई फवारणारी नोझल तपासून घ्या.

राहिला तो उजेड, ज्यात तुम्ही प्रिंट बघता. छपाई क्षेत्रात प्रिंट डी५० या ठरावीक पांढऱ्या प्रकाशात तपासतात. काटेकोर तुलनेसाठी २००० लक्स आणि सर्वसाधारण परीक्षणासाठी ५०० लक्स, असं आयएसओ ३६६४ हे मानक सांगतं. घरी एवढं लागत नाही, पण पिवळट दिव्याखाली बघून ‘प्रिंट पिवळा आला’ असं ठरवू नका. खिडकीजवळ, थेट ऊन नसलेल्या दिवसाच्या उजेडात बघा. अनेक कागदांत पांढरेपणा वाढवणारं रसायन असतं. ते अतिनील किरण शोषून निळसर चमकतं, म्हणून तोच कागद दिवसा शुभ्र आणि घरातल्या एलईडीखाली किंचित पिवळसर वाटतो. प्रिंट जिथे टांगणार, तिथे एकदा धरून बघितल्याशिवाय मी मोठ्या आकाराची ऑर्डर देत नाही. आधी त्याच कागदावर छोटी पट्टी छापून घेते, तिच्यात एक चेहरा, एक राखाडी उतरंड आणि फोटोतला सर्वांत अवघड तुकडा.

तुमच्या बाबतीत तो तुकडा आकाशाचा. ब्राइटनेस खाली आणून त्याची एक पट्टी छापून घ्या, जुन्या काळपट प्रिंटशेजारी दिवसाच्या उजेडात ठेवा, आणि कागदाचं नाव व लॅबनं दिलेलं प्रोफाइल मला कळवा. निळा तरीही जांभळ्याकडे झुकत असेल, तर छटा नेमकी किती सरकवायची ते त्या कागदाकडे बघून सांगता येईल.